नवोदित लेखिका, पण वय ३५ च्या आत!

फेब्रुवारी संपत आला की आपल्याकडे स्त्रियांची आठवण निघू लागते. हळदीकुंकवं नुकतीच आटोपलेली असतात आणि ८ मार्चसाठी सभागृहांची बुकिंगं झालेली असतात. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जितकी मंडळं, जितकी वाचनालयं, जितके ज्येष्ठ नागरिक संघ, तितके महिला सन्मान. त्यांतच कुठेतरी नवोदित लेखिकेसाठी ठेवलेला एक पुरस्कार असतो.

या पुरस्कारावरून दरवर्षी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, साहित्यात बाई-पुरुष कशाला आणता? लेखन एक तर चांगलं असतं नाही तर वाईट. दुसरा तट म्हणतो, असा पुरस्कार हवाच, आणि टाळ्या वाजवून घरी जातो. मी आज दोघांशीही भांडायला बसले आहे. पुरस्कार हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो देण्याची आपली रीत उफराटी आहे. जिचं काम बरंचसं झालेलं आहे तिला तो मिळतो, आणि जिला त्याची खरी गरज आहे तिला अर्जसुद्धा भरता येत नाही.

मोघम बोलत नाही. यंदा आमच्या भागातल्या एका मंडळाचं पत्रक हाती आलं. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि असे नियम करणारी ती एकटीच नाहीत. नियम असे. लेखिकेचं वय ३५ च्या आत असावं. पहिलं पुस्तक गेल्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेलं असावं. पुस्तकाच्या तीन प्रती पाठवाव्यात, त्या परत मिळणार नाहीत. प्रवेशशुल्क ५०० रुपये. पुरस्काराचं स्वरूप: रोख ५,००० रुपये, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह.

आता हे पत्रक एखाद्या उत्तरपत्रिकेसारखं तपासू या. सवय आहे, जात नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी भांडुपला पोळीभाजी केंद्र चालवते. तिचं नाव लिहिणार नाही, तिला आवडणार नाही. वय ५२. पहाटे साडेचारला उठून कणीक मळायला घेते, सकाळचे डबे गेले की भाजी निवडते, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. दुपारी अडीच ते चार एवढा वेळ तिचा स्वतःचा, त्यातही गॅसवाला येतो, सासूबाईंची औषधं असतात. त्या दीड तासात ती लिहिते. मुलाच्या कॉलेजच्या जर्नल्समधली कोरी उरलेली पानं फाडून, शिवून तिने वह्या केल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एक वही माझ्या हातात ठेवून म्हणाली, "बाई, जरा बघा, तुम्हीच निबंधाला दहापैकी आठ द्यायचात."

वहीत बारा कथा होत्या. सगळ्या चांगल्या नव्हत्या. चार तर सरळ मालिका बघून लिहिलेल्या होत्या, तसं मी तिला सांगितलं. पण त्यात एक कथा आहे, लालबहादूर शास्त्री मार्गावरची कंपनी बंद पडल्यावर एक बाप घरी सांगत नाही, रोज ठरल्या वेळी डबा घेऊन निघतो आणि स्टेशनच्या बाकावर बसून राहतो. मुलीला हे कळतं ते डब्यामुळे. डबा रोज रिकामा येतो, पण कंपनीतून यायचा तसा तेलकट हातांचा वास त्याला येत नाही. शेवटी ती मुलगी आईला काही सांगत नाही, डबा मात्र जास्त वेळ घासत बसते. या उपनगरांतले कारखाने एकेक करून बंद झाले आणि त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या काळावरचे लेख मी खूप वाचले. तेलाचा वास मला या एका वहीत आला.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या. त्या मी लाल पेनने दाखवल्या नाहीत, पेन्सिलने दाखवल्या.

यंदाचं पत्रक आल्यावर मी तिला म्हटलं, जाऊन विचार तरी. ती दुपारचा तो दीड तास खर्चून गेली. परत येऊन फोन केला, "बाई, ते म्हणाले मॅडम, ही तरुण लेखिकांसाठी योजना आहे. आणि पुस्तक कुठे आहे?" आवाजात राग नव्हता. मला राग आला तो त्याचाच. तिला ते अगदी रास्त वाटलं होतं.

तर पहिला मुद्दा, वयाचा.

३५ हा आकडा कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो, त्याची वयोमर्यादा ३५ आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'युवा' हे त्याच्या नावातच लिहिलं आहे. पण 'नवोदित' म्हणजे 'तरुण' हे कोणत्या कोशात लिहिलं आहे? नवोदित म्हणजे नुकताच उगवलेला. उगवण्याची वेळ सगळ्यांची सारखी नसते, आणि आपल्याकडच्या बायकांची तर नसतेच. वीस ते पस्तीस ही वर्षं लग्न, बाळंतपणं, पाळणाघर, लोकल आणि सासरची आजारपणं यांत कुठे गेली हे विचारलं तर निम्म्या जणींना सांगता येणार नाही. नेमक्या त्याच वर्षांत पुस्तक लिहून छापूनही झालेलं असावं अशी अट घालायची आणि वर म्हणायचं की आम्ही लेखिकांना प्रोत्साहन देतो!

मराठीचाच इतिहास बघा. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला १९३४ साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. दोन वर्षांनी त्या गेल्या. मराठी गद्यातलं इतकं जिवंत पुस्तक आमच्या मंडळाच्या नियमांत एकतीस वर्षं उशिरा पोचलं असतं.

बेबी कांबळे फलटणच्या. छोटं दुकान चालवायच्या आणि गिऱ्हाईक नसताना वहीत लिहायच्या. नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून ते लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षं लपवून ठेवलं होतं. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते बाहेर आणायला बळ दिलं, 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. तेव्हा बेबीताई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. म्हणजे पस्तिशीच्या सुमाराला त्या लिहीतच होत्या, पण वही लपवलेली होती. त्या वयात त्यांच्याकडे 'पुस्तकाच्या तीन प्रती' मागणाऱ्या परीक्षकाला काय उत्तर मिळालं असतं?

आणि बहिणाबाई! जन्म १८८०, मृत्यू १९५१, आणि कविता छापल्या गेल्या १९५२ साली. त्यांनी आपलं पुस्तक पाहिलंच नाही. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर सुचलेलं सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी उतरवून घेतलं म्हणून राहिलं, आणि अत्र्यांनी ते जगापुढे आणायचा हट्ट धरला म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहासाठी जो पुरस्कार आहे, त्यालाही बहिणाबाईंचंच नाव आहे. बाईचं नाव पुरस्काराला द्यायला आपण नेहमी तयार असतो. पण पुरस्काराची अट छापील पुस्तकाची, म्हणजे खुद्द बहिणाबाई जिवंत असताना त्यासाठी पात्र ठरल्या नसत्या!

वय झाल्यावर काय उगवणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी शेजारच्या राज्यात डोकावून पाहावं. २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेल्या बानू मुश्ताक कन्नडमधून लिहितात, पेशाने वकील, आणि पुरस्कार घेताना वय ७७. त्या नवोदित नव्हत्या, कित्येक दशकं लिहीत होत्या. पण जगाला त्या दिसल्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. दिसण्याला इतका उशीर होऊ शकतो, तर उगवण्याला का नाही?

आता पहिल्या तटाकडे वळते. माझे एक जुने सहकारी आहेत, गणिताचे सर. त्यांचं म्हणणं, "बाई, गुणवत्तेला लिंग नसतं. तुम्ही वेगळा पुरस्कार मागता म्हणजे आम्ही कमी आहोत असं कबूलच करता." सर गणिताचे, म्हणून त्यांना गणितच घालते.

मराठीला ज्ञानपीठ चार वेळा मिळालं. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे. चौघेही थोर, चौघेही पुरुष. बंगालीत आशापूर्णा देवींना ते १९७६ सालीच मिळालं होतं, त्या तर कधी शाळेतही गेल्या नव्हत्या.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा आपण १८७८ पासून मोजतो. पहिली स्त्री अध्यक्ष झाली १९६१ साली, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. मग दुर्गाबाई भागवत १९७५, शांताबाई शेळके १९९६, विजया राजाध्यक्ष २००१, अरुणा ढेरे २०१९ आणि तारा भवाळकर २०२५. पहिल्या ९८ संमेलनांत ६ बायका. साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार पाहिला तर गेल्या काही दशकांत विजयाबाईंना १९९३ साली, आशा बगे यांना २००६ साली आणि अनुराधा पाटील यांना २०१९ साली. बरोबर तेरा-तेरा वर्षांचं अंतर. कुंभमेळासुद्धा बारा वर्षांनी येतो हो!

सर म्हणतील, बायकांनी तितकं चांगलं लिहिलं नसेल. बरं. मग हे दुसरं उदाहरण सोडवा. संमेलनाध्यक्ष पूर्वी मतदारांच्या निवडणुकीने ठरत असे. मतदारांच्या गाठीभेटी, दौरे, पत्रं, आघाड्या, सगळं आलं. हे ज्यांना परवडतं तेच उभे राहणार. २०१८ मध्ये महामंडळाने निवडणूक बंद करून सन्मानाने निवड करायचं ठरवलं. त्यानंतरच्या २०१९ ते २०२६ या आठ अध्यक्षांत दोन स्त्रिया आल्या. त्याआधीच्या सगळ्या काळात मिळून चार. २०१८ साली बायकांची गुणवत्ता एकाएकी वाढली का? फक्त आत यायची वाट बदलली. नियम दिसायला तटस्थ असतात, पण ते कोणाला सोपे जातात हे बघावं लागतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आणि हे काही फक्त आपलंच गाऱ्हाणं नाही. इंग्लंडात १९९१ च्या बुकरच्या अंतिम यादीत सहाच्या सहा नावं पुरुषांची होती. त्यावरून चिडलेल्या प्रकाशन-व्यवसायातल्या लोकांनी एकत्र येऊन १९९६ पासून फक्त स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठी ऑरेंज पुरस्कार सुरू केला, रक्कम ३०,००० पौंड. आज तो वेगळ्या नावाने चालतो. तेव्हाही ए. एस. बायट या मोठ्या लेखिकेने त्याला विरोध केला. तिला स्वतःला १९९० साली बुकर मिळालेलं होतं. तिचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही, बाईपण हा साहित्याचा प्रकार नव्हे हे मलाही मान्य आहे. पण जी वर पोचली तिने शिडी कशाला हवी म्हणून विचारावं, हे मला पटत नाही.

आपल्याकडचं साधं उदाहरण घ्या. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली. तेव्हाही लोक म्हणाले होते, वेगळी गाडी कशाला, समानता हवी ना? पण बोरिवलीच्या बाईला माहीत होतं की सकाळच्या गर्दीत दाराला लटकणं तिला जमणार नाही आणि मस्टरवर लाल शेरा पडला तर पगार कापला जाणार आहे. लेडीज स्पेशलने गेलेली बाई चर्चगेटला उतरल्यावर कमी पगाराच्या ऑफिसात जात नव्हती. तेच ऑफिस, तेच टेबल, तेच काम. गाडी फक्त पोचण्यासाठी होती.

लेखिकांचा पुरस्कार मला असा हवा आहे. आणि इथे माझं दुसऱ्या तटाशी भांडण सुरू होतं. कारण टाळ्या वाजवणारी मंडळी काय करतात, तर चर्चगेटला फलाटावर हार घेऊन उभी राहतात. जी पोचली तिला हार! जी बोरिवलीलाच राहिली तिची चौकशी कोणी करत नाही.

छापील पुस्तकाची अट म्हणजे हीच गोष्ट. पहिलं पुस्तक छापलं कसं जातं हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त व्यासपीठावर बोलायचं नसतं. मोठे प्रकाशक नव्या नावाला हात लावायला कचरतात. मग कोणीतरी भेटतो, म्हणतो, ताई, खर्च तुम्ही करा, पुस्तक आम्ही काढू. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी त्यासाठी पाटल्या मोडल्या. तीनशे प्रती घरी आल्या, त्यातल्या दोनशेवर अजून दिवाणात आहेत. ज्यांच्याकडे पाटल्या आहेत त्यांचं पुस्तक निघतं, आणि पुस्तक निघालं की त्या पुरस्काराला पात्र. म्हणजे स्पर्धेची पहिली फेरी सोनाराच्या दुकानात झाली!

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यातून पहिल्या पुस्तकाला छपाईसाठी मदत मिळते आणि हस्तलिखितावरच निवड होते. चांगली योजना आहे, होतकरू मंडळींनी तिची माहिती जरूर काढावी. पण तीही लिहून पूर्ण झालेल्या मजकुरासाठी. पूर्ण कसं करायचं, हा प्रश्न राहतोच.

आणि बाईचं अडतं ते तिथेच. तिला वेळ हवा. एक टेबल हवं, ज्यावरून वही उचलून तिथे ताटं मांडावी लागणार नाहीत. आणि एक वाचणारं माणूस हवं, जे 'छान आहे' एवढंच म्हणणार नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड मागितले होते. आमच्या भांडुपला स्वतःची खोली मागितली तर लोक हसतील, तिथे चौघांना मिळून एक खोली असते. पण स्वतःचे दोन तास मागायला काय हरकत आहे?

वाचणाऱ्या माणसाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. १९३० साली किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं. त्यात लिहून किती जणींचा हात वळला! पुढे विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' काढलं. या मासिकांनी बायकांचं लिखाण मागितलं, त्याची वाट पाहिली. वाट पाहणारं कोणी असलं की माणूस लिहितं. ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्याला बसून 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, १८८२ साली पुण्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. एवढी धारदार लेखणी, आणि आपल्या हाती त्यांचं तेवढं एकच पुस्तक आहे. तेही विस्मरणात गेलं होतं, स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापलं म्हणून कळलं. त्या बाईंना कोणी दुसरं पुस्तक मागितलं असतं तर?

आता माझ्यावरचा आक्षेप मीच सांगते, म्हणजे तुमचा त्रास वाचेल. वयाची अट काढली आणि पुस्तकाची अटही काढली, तर माझ्यासारख्या निवृत्त बायकांच्या पाऊस आणि प्राजक्त यांच्यावरच्या कवितांचा ढीग येऊन पडेल. पडेल ना! अगदी नक्की पडेल. मग तो वाचायचा. परीक्षक कशासाठी असतात? मी चौतीस वर्षं पेपर तपासले, गठ्ठा मोठा आहे म्हणून अर्ध्या वर्गाला बाहेर काढलं नाही. आणि परीक्षकाने कडक असावं. बाई आहे, बिचारी घर सांभाळून लिहिते, असं म्हणून गुण वाढवायचे नाहीत, त्यासारखा अपमान नाही. योग्य कोणी नसेल तर यंदा पुरस्कार नाही असं सरळ जाहीर करावं. दया नको, संधी हवी.

नुसतं भांडून थांबत नाही. माझ्या मते पुरस्कार असा असावा.

ज्या स्त्रीचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशा कोणालाही अर्ज करता यावा. अर्जात वयाचा रकानाच नको. प्रवेशशुल्क नको. तीस पानांचा मजकूर मागवावा, हाताने लिहिलेला चालेल, मोबाइलवर टाइप केलेला चालेल. मजकुरावर नाव नको. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नसतं तसं, फक्त क्रमांक. म्हणजे कोणाची सून, कोणत्या सोसायटीतली, अध्यक्षांच्या ओळखीची की नाही, हे परीक्षकांना कळायलाच नको.

निवड झाली की पैसे एकदम न देता दरमहा ५,००० याप्रमाणे वर्षभर द्यावेत. त्या पैशाचं तिने काय करावं हे तिचं तिने ठरवावं, पण पोळ्या लाटायला एक मदतनीस ठेवली तर मला आनंद होईल. वाचनालयात दुपारच्या वेळी एक टेबल तिच्या नावाने राखून ठेवावं. पार्ल्यात, मुलुंडला, बोरिवलीला जुन्या आणि चांगल्या संस्था आहेत, वाचनालयं आहेत, दुपारी त्यांतली बरीच टेबलं रिकामी असतात. आणि महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या संपादकाने तिचं लिखाण समोर बसून वाचावं, पेन्सिल हातात घेऊन.

वर्षाचे होतात ६०,००० रुपये. कुठून आणायचे? १२० माणसांनी वर्षाला ५०० रुपये दिले तर होतात. एका उपनगरात १२० वाचणारी माणसं नसतील तर मग साहित्याच्या नावाने मंडळं तरी कशाला चालवायची? शाली थोड्या कमी आणल्या, फुलांचे गुच्छ बंद केले आणि प्रमुख पाहुण्यांना रिक्षाने यायला सांगितलं, तर आणखी काही वाचतील.

हे सगळं मी त्या मंडळाला पत्राने कळवलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत. सूचनांचा पुढील वर्षी विचार करू, यंदा आपण परीक्षक म्हणून याल का? मी नाही म्हणून कळवलं. ३५ च्या आतल्या मुली चांगलं लिहीत नाहीत असं मला मुळीच म्हणायचं नाही. सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' १८५४ साली आलं तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. पण ज्या दारातून माझ्या विद्यार्थिनीला परत पाठवलं, त्या दारात खुर्ची टाकून बसायला मला जमणार नाही.

ती लिहिते आहे. तेरावी कथा चालू आहे. सध्या महिन्यातून दोन रविवार ती माझ्याकडे येते, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते. मी तोपर्यंत आतल्या खोलीत पेपर वाचते आणि चहा विचारायला मध्ये जात नाही.

पण एका बाईच्या घरचं टेबल म्हणजे योजना नव्हे. हे वाचणाऱ्यांत माझे मुलुंड-घाटकोपरचे भाचे-पुतणे आहेत, ठाण्याच्या वन्सं आहेत आणि नियमाने लिहिणारी तुम्ही सगळी दोस्त मंडळी आहात. नुसतं 'छान लिहिलंय मावशी' असं कळवू नका. १२० जण हवेत. पहिले ५०० माझे, म्हणजे ११९ उरले. गणिताच्या सरांना मी विचारलं, ते अजून वाद घालताहेत, पण म्हणाले की माझे धरा. ११८.